झाकण मिटल्यावर

डोंबिवलीला बायकांच्या डब्यात चढलं की खांद्यावरची बॅग आपल्या ताब्यात राहत नाही. दाराशी उभी असलेली बाई ती मधल्या पॅसेजमधल्या बाईकडे देते, ती खिडकीकडच्या मुलीकडे, आणि चार हात फिरून बॅग रॅकवर पोचते. उतरायची वेळ आली की त्याच वाटेने परत. या हातांवर माझा पूर्ण विश्वास आहे. गेल्या मे महिन्यात दादर यायच्या आधी मी नेहमीप्रमाणे "ती निळी बॅग जरा द्या ना" म्हणून हाक दिली. खिडकीजवळच्या एका कॉलेजवयीन मुलीने बॅग उतरवली, पाठीकडची बाजू तळव्याने चाचपली आणि म्हणाली, "काकू, सांभाळून. आत गरम डबा आहे ना? सांडेल."

त्या बॅगेत डबा नव्हताच.

डबा दुसऱ्या हातातल्या कापडी पिशवीत होता आणि त्यात थंडगार दहीभात होता. दादरला उतरल्यावर बाकड्याचा कोपरा मिळाला तिथे मी बॅगेची चेन उघडली. आतून वाफेसारखी ऊब आली, तापलेल्या रबराचा आणि नव्या रेक्झिनचा मिळून येतो तसा वास आला. लॅपटॉपचा पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. झाकण मिटलेलं, स्क्रीन काळी, आणि खालची पत्र्याची बाजू इतकी तापलेली की बोटं टेकवून ठेवता येईनात. घरातून निघताना मी झाकण मिटलं होतं, बाजूचा छोटा दिवा विझलेला पाहिला होता आणि मगच तो बॅगेत सरकवला होता. तासाभराच्या प्रवासात बॅटरी निम्म्याखाली आली होती. क्लायंटकडे पोचल्यावर मशीन व्यवस्थित चालू झालं, हिशेबाचं टॅली होतं तसं उघडं, एक्सेल होतं तसं उघडं. काम झालं. पण त्या मुलीच्या तळव्याला जे कळलं ते मला का कळलं नव्हतं, आणि रोज खांद्यावर वाहत असलेल्या या वस्तूच्या आत मी झाकण मिटल्यावर नक्की काय चालतं, हे डोक्यातून जाईना.

"स्लीपमध्ये टाकून बॅगेत ठेवला तर चालतो ना?" हा प्रश्न आमच्या ऑफिसात दर वर्षी नवा आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणारा उमेदवार, विचारतो, आणि दर वर्षी कुणीतरी "चालतं की, सगळे तेच करतात" असं सांगतं. सगळे तेच करतात हे खरं आहे. पण या उत्तराला जुना इतिहास आहे, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर घडलेला आहे.

मी फोर्टमधल्या एका फर्ममध्ये लागले तेव्हा अख्ख्या ऑफिसला मिळून एकच लॅपटॉप होता. काळा, जाड, कोपऱ्याला रबर लावलेला. ऑडिटला बाहेर जाताना तो ज्याच्या हाती दिला जाई त्याची ऐट वाढे. मेंटेनन्सला येणारा माणूस मात्र प्रत्येक वेळी एकच ताकीद देऊन जाई: डिस्क फिरतेय तोवर हलवायचा नाही. लॅपटॉपला कान लावला की ती डिस्क ऐकू येई, बारीक घरघर आणि मधेच करकर. झाकण मिटलं की ती घरघर हळूहळू उतरत जाई आणि शेवटी एक टिक् असा आवाज येई. तो टिक् ऐकला की बॅगेत. ते शिस्तीचं नव्हतं, गरजेचं होतं. आत काचेच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या तबकड्या मिनिटाला ५४०० फेरे घेत असत आणि वाचणारं डोकं त्यांच्यावर काही नॅनोमीटरच्या अंतराने तरंगत असे. फिरत्या तबकडीवर ते आपटलं की तिथला डेटा गेला. स्लीपमध्ये तबकड्या थांबत आणि डोकं बाजूला जाऊन बसे, म्हणून स्लीपमधला लॅपटॉप उचलणं सुरक्षित होतं. ही भीती इतकी खरी होती की आयबीएमने २००३ साली थिंकपॅडमध्ये धक्का ओळखणारा सेन्सर बसवला. मशीन पडतंय असं जाणवलं की तो आधी डिस्कचं डोकं बाजूला घेई.

मग तबकड्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या एसएसडी आल्या. त्यांत फिरणारं काही नाही, तरंगणारं काही नाही. दारात ढकलाढकली झाली, रिक्षा खड्ड्यात आदळली, तरी डिस्कच्या दृष्टीने काही बिघडत नाही. स्क्रीनवर दाब येऊ नये, चार्जरची वीट झाकणाच्या बाजूला नको, पाण्याची बाटली वेगळ्या कप्प्यात, एवढं सांभाळलं की पुरे. पण आमच्या मनातली भीती धक्क्याचीच राहिली. आम्ही फोमच्या जाड कव्हरवर पैसे घातले, बॅग मांडीवर धरून बसलो, कुणाचं कोपर लागलं तर दचकलो. धोका तोवर घर बदलून गेला होता.

तो कुठे गेला हे मला लॅमिंग्टन रोडवर, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कळलं. दुसऱ्याच दिवशी मी तिथल्या एका छोट्या दुकानात गेले. जिन्याखालची जागा, काउंटरवर हिरवी मॅट, स्क्रूंसाठी औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या. दुकानदाराने आधी माझं मशीन ऐकून घेतलं, मला नाही. मग एक बारीक स्क्रू उचलून झाकणाच्या कडेवरून हळू फिरवला. एका जागी तो टक्कन चिकटला. "इथे मॅग्नेट आहे मॅडम. खाली त्याच्यासमोर सेन्सर. झाकण मिटलं की सेन्सर विंडोजला निरोप देतो, झाकण मिटलं म्हणून. त्याचं काम तेवढंच. पुढे काय करायचं ते विंडोज ठरवतं."

मला वाटत आलं होतं की झाकण मिटणं म्हणजे बटण दाबणं. ते फक्त निरोप देणं होतं.

मग त्याने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि पॉवरसीएफजी, स्लॅश, ए असं टाइप केलं. या मशीनला कोणकोणत्या तऱ्हेची झोप येते त्याची यादी समोर आली. माझ्या मशीनला एस-३ म्हणतात ती येतच नव्हती. ती जुनी, गाढ तऱ्हा: प्रोसेसर, पंखा, डिस्क, स्क्रीन सगळ्यांची वीज तोडायची आणि उघड्या कामाची आठवण राहावी म्हणून फक्त रॅमला, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मरणाला, थोडीशी वीज देत राहायची. त्याऐवजी यादीत होती एस-० लो पॉवर आयडल. २०१२ साली विंडोज ८ सोबत ती कनेक्टेड स्टँडबाय या नावाने आली आणि विंडोज १० मध्ये तिचं मॉडर्न स्टँडबाय झालं. मोबाईल जसा खिशात असतानाही मेसेज घेत राहतो आणि हात लावताच उजळतो, तसं लॅपटॉपनेही करावं ही त्यामागची कल्पना. म्हणजे मशीन खऱ्या अर्थाने बंद होतच नाही. ते शांत बसतं, अधूनमधून उठतं, मेल बघतं, अपडेट उतरवतं, पुन्हा बसतं. बहुतेक वेळा पुन्हा बसतं. कधी एखादा ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम), एखादं अपडेट, एखादं ॲप त्याला बसू देत नाही, आणि मग ते बॅगेच्या अंधारात पूर्ण जागं राहतं. अनेक नव्या मशिनांत तर जुनी एस-३ ठेवलेलीच नसते, तेव्हा ती मागूनही मिळत नाही.

शेवटी त्याने स्लीपस्टडी नावाचा रिपोर्ट काढून दाखवला. ब्राउझरमध्ये एक पान उघडलं, मागच्या तीन दिवसांतली मशीनची प्रत्येक झोप रंगीत पट्ट्यांत मांडलेली. रात्रींच्या पट्ट्या हिरव्या होत्या. आदल्या सकाळची, बरोबर माझ्या गाडीच्या वेळेची पट्टी लाल होती. तिच्यावर क्लिक केल्यावर कुणी किती वेळ जागं ठेवलं ते खाली आलं: वायफायचा भाग आणि कसलंसं अपडेट. मी त्या लाल पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. ही नोंद माझ्याच मशीनमध्ये होती, इतकी तपशीलवार, आणि ती बघायची तर काळ्या खिडकीत इंग्रजी आज्ञा द्यावी लागते. ज्या बाईच्या खांद्यावर ते ऊन तापत असतं तिला एका ओळीचा निरोप कुणी देत नाही. याचा मला मनापासून राग आहे.

आता या तापण्याने होतं काय? बॅगेला आग लागेल असं सांगून मी कुणाला घाबरवणार नाही. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग उतरवतो, तरी तापमान चढत राहिलं तर मशीन बंद पडतं. पण पातळ लॅपटॉपचा साधा प्रोसेसरही कामाला लागला की १५ वॉट उष्णता टाकत असतो, आणि ती बाहेर नेणारा पंखा तळाच्या जाळीतून हवा घेतो, बिजागरीकडून सोडतो. जाड फोमच्या कप्प्यात दोन्ही वाटा बुजतात. लग्नाच्या घरी पाहुणे येईस्तोवर भात ऊन राहावा म्हणून आई पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायची. आपण लॅपटॉपला नेमकं तेच करतो, आणि मी तर ते जास्त पैसे मोजून करत होते. या गुंडाळलेल्या उष्णतेचा मार बसतो बॅटरीवर. लिथियम आयन बॅटरीला उन्हाचा आणि उष्णतेचा तिटकारा आहे. जितकी तापेल तितकी ती लवकर म्हातारी होते, आणि भरलेली असताना तापली तर आणखी लवकर. काउंटरवर एका मुलाचा लॅपटॉप उघडून ठेवला होता. त्याची तक्रार टचपॅड दाबला जात नाही एवढीच होती. आत बॅटरीच्या तीन चपट्या पिशव्यांपैकी मधली फुगून टम्म झाली होती आणि तिने टचपॅडला खालून वर रेटलं होतं. दुकानदाराने तिला धातूचा स्क्रूड्रायव्हर लावला नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने, श्वास धरल्यासारखा, तो ती कडेकडेने सोडवत होता. ती कशाने फुगली ते त्या मुलालाही माहीत नव्हतं, दुकानदारही ठामपणे सांगत नव्हता. पण तेव्हापासून मी टचपॅडच्या फटीकडे बघते.

नागपूरला माझा धाकटा भाऊ औषध कंपनीच्या कामाने दिवसभर फिरतो. तिथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून पुष्कळ अधिक. लॅपटॉप वापरायला योग्य हवा म्हणून उत्पादक साधारण १० ते ३५ अंश सांगतात. म्हणजे विदर्भातला निम्मा उन्हाळा त्या आकड्याच्या बाहेरच. भावाला फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, मग मी काय डॉक्टरच्या दारात उभा राहून मशीन चालू व्हायची वाट बघू? तो दोन मिनिटं देतो."

या वाक्यापाशी मी अडले, कारण तो म्हणतोय ते मला तंतोतंत ठाऊक आहे.

लॅपटॉप सरळ बंद करून न्या, हा सल्ला ज्यांचा वेळ अखंड असतो त्यांना सोपा आहे. माझा वेळ तुकड्यांत येतो. सात तारखेला कापलेला कर म्हणजे टीडीएस भरायचा, वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, आणि त्या आदल्या दिवसांत क्लायंटचे फोन स्टेशनच्या जिन्यावर येतात. "मॅडम, ते पर्चेसचं जुळत नाहीये." ठाण्याला एखादी उतरली आणि जागा मिळाली तर वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात मांडीवर लॅपटॉप उघडायचा, दोन शीट शेजारी शेजारी लावायच्या, जिथे नजर काल रात्री थांबली त्या ओळीपासून पुढे. मशीन उघडलं की ती ओळ समोर हवी. शून्यापासून टॅली उघडा, कंपनी निवडा, फाइल शोधा, पासवर्ड टाका, यात घाटकोपर येतं. जीएसटीचं पोर्टल तर काही केलं नाही की आपलं आपण लॉगआऊट करतंच. निदान माझी शीट तरी जागेवर असावी. आमच्या डब्यात मी एकटी नाही. शाळेची पेपरतपासणी एक्सेलमध्ये भरणारी आहे, रात्री मुलाला झोपवून अर्धवट राहिलेलं प्रेझेंटेशन पुरं करणारी आहे, परळच्या हॉस्पिटलात बिलिंगला असलेली आणि शिवाय एम.कॉम. करणारी आहे. कुणालाच सलग दोन तास मिळत नाहीत. झाकण मिटायचं आणि पुन्हा उघडल्यावर काम तिथेच सापडायचं, ही सोय या बायकांसाठी चैन नाही. तिच्या आधारावर त्यांनी आपले दिवस रचले आहेत. म्हणून मला वाटतं की प्रश्न आमच्या सवयीचा नाही. झाकण मिटलं की मशीन शांत राहील, हा भरवसा पूर्वी होता आणि तो कुणी न विचारता, न सांगता काढून घेतला.

मधला मार्ग आहे, आणि तो जुनाच आहे. हायबरनेट. यात उघडं असलेलं सगळं रॅममधून डिस्कवर उतरवलं जातं आणि मशीनची वीज खरोखर जाते. पंखा फिरायला वीजच नाही. उघडलं की स्लीपपेक्षा थोडा वेळ जास्त लागतो. एसएसडी असेल तर फार नाही, मुलुंडला बॅगेतून काढलं तर भांडुप यायच्या आत तीच ओळ समोर असते. डिस्कवरची काही जीबी जागा त्याला लागते, तेवढी द्यावी. पण विंडोजच्या पॉवर मेनूत स्लीप आहे, शटडाऊन आहे, रीस्टार्ट आहे, आणि हायबरनेट बहुतेक वेळा दिसतच नाही. ते कंट्रोल पॅनेलमध्ये, पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांनी काय करायचं ते ठरवण्याच्या पानावर जाऊन स्वतः चालू करावं लागतं. त्याच पानाजवळ झाकण मिटल्यावर काय व्हावं तेही ठरवता येतं, बॅटरीवर असताना वेगळं आणि चार्जर लावलेला असताना वेगळं. मी बॅटरीवर हायबरनेट ठेवलं आहे, चार्जरवर स्लीप. घरात स्वयंपाकघरातून हॉलमध्ये नेताना स्लीप उत्तम आहे, तिथे मला काहीच तक्रार नाही. मॅकवाल्यांची परिस्थिती थोडी बरी. त्यांचं मशीन झोपताना रॅमची एक प्रत डिस्कवरही ठेवू शकतं, म्हणून बॅटरी पार उतरली तरी काम सहसा जात नाही. पण बॅगेत तापलेला मॅकही मी पाहिला आहे.

हायबरनेटचं आणखी एक कारण मला पटलं ते माझ्या कामामुळे. माझ्या लॅपटॉपवर लोकांचे पॅन नंबर असतात, बँकेची स्टेटमेंटं असतात, पगाराचे आकडे असतात. गर्दीत बॅग गेली तर? डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली आहे म्हणून मी निर्धास्त असे. पण स्लीपमध्ये रॅमला वीज चालू असते आणि कुलपाची किल्ली तिथेच असते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद टिकतो, आणि चिप गार केली तर त्याहून बराच जास्त वेळ, एवढ्यात तो वाचून घेता येतो. लोकलमधला चोर असलं काही करणार नाही हे मला कळतं. तरी ती माहिती माझी नाही, लोकांनी विश्वासाने दिलेली आहे, आणि बंद मशीन जास्त चांगलं कुलूप आहे.

सगळ्यांत कडक उत्तर विमानवाल्यांचं. लॅपटॉप शक्यतो हातातल्या बॅगेतच न्यावा. चेक-इनच्या बॅगेत टाकायचाच असेल तर तो पूर्ण बंद हवा, स्लीप चालत नाही, हायबरनेटही चालत नाही. पॉवर बँक तर चेक-इनमध्ये अजिबात नाही. सामानाच्या पोटात काही तापलं तर तिथे हात लावून बघायला कुणी नसतं. आमच्या डब्यात निदान ते हात आहेत.

नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की तो भाषा विचारतो, देश विचारतो, वायफायचा पासवर्ड विचारतो, जाहिराती दाखवू का तेही विचारतो. त्यात एक प्रश्न हवा: झाकण मिटल्यावर मी जागा राहू की बंद होऊ? साध्या मराठीत, दोन पर्याय, आणि बॅगेतून नेणार असाल तर दुसरा निवडा अशी खाली एक ओळ. तो प्रश्न येईपर्यंत आमच्या ऑफिसात येणारं प्रत्येक नवं मशीन मी आधी मागून घेते, पॉवर ऑप्शन्स उघडते, हायबरनेटवर टिक करते आणि मगच ज्याचं त्याच्या हाती देते. यंदाच्या आर्टिकल मुलींपैकी एक बदलापूरहून येते, रोज बराच लांबचा प्रवास. तिने दुसऱ्याच दिवशी तिच्या मोठ्या बहिणीचा लॅपटॉपही आणला, आणि परवा शेजारच्या काकूंचा.